हात मिळवून होईपर्यंत

"अजून सिरीज संपलेली नाही," असं म्हणून काका उजव्या हाताची पाठ गालावरून फिरवायचे. एप्रिल महिना असला तर गालावर पांढरी खुंटं असायची आणि करकर असा बारीक आवाज यायचा. बाकीच्या महिन्यांत गाल गुळगुळीत, त्यामुळे नुसताच हात फिरायचा. दूध उतू गेलं, गाडी बर्फात रुतली, कुणाच्या व्हिसाचे कागद परत आले, काहीही होवो, काकांचं वाक्य ठरलेलं होतं. ऐकणाऱ्याला धीर यायचा की वैताग, हे त्या दिवशी काय बिघडलं होतं त्यावर अवलंबून असायचं. मला बहुतेक वेळा वैताग यायचा.

पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांमधलं आमचं गाव लहान आहे. मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही काका पुष्कळ होते, पण नुसतं 'काका' म्हटलं की आमच्या शेजारी, कोपऱ्यावरच्या निळ्या घरात राहणारे हेच. मूळचे मिरजेचे. तरुणपणी इथल्या तारांच्या फॅक्टरीत इंजिनिअर म्हणून आले, फॅक्टरी बंद पडली तरी गाव सोडलं नाही. गेल्या मे महिन्यात ते मुलीकडे चँडलरला गेले. तिथे ऊन भरपूर आहे, घरामागे पोहण्याचा तलाव आहे आणि एकूण मजेत आहेत. फोनवर आवाज खणखणीत येतो. तेव्हा हे वाचताना उगाच गळा भरून घेऊ नका. तसा प्रकार मी एकदा करून बसले आहे, तो सांगतेच.

मी नागपूरची. आइस हॉकी हा खेळ बर्फावर खेळतात, एवढंच ज्ञान घेऊन या देशात आले. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात नोकरी लागली म्हणून मी आणि निखिल या गावात आलो. इथे हॉकीची टीम आहे, पण टीव्हीवर दिसणाऱ्या मोठ्या लीगमधली नव्हे. मोठीच्या खाली एक धाकटी लीग असते. तिथे पोरं तयार होतात, आणि एखादा चांगला खेळायला लागला की वरून फोन येतो. तो बॅग भरून त्याच दिवशी निघतो. हिवाळाभर सामने चालतात. मग वसंतात, वरच्या काही टीमांचे प्लेऑफ. त्यात एकाच टीमशी लागोपाठ सामने खेळायचे, जास्त जिंकेल ती पुढे जाणार आणि दुसरी घरी. याला सिरीज म्हणतात. सिरीजा जिंकत राहिलं की शेवटी कप. आमच्या टीमने तो जवळून पाहिल्याचंही कुणाला आठवत नाही.

आम्ही आलो त्या पहिल्या वर्षी मराठी मंडळाचा पाडवा होता. पाडवा मधल्या वारी आला होता, म्हणून मंडळाने नेहमीप्रमाणे तो शनिवारी ढकलला होता. सुलभाकाकू म्हणजे आमच्या मंडळाच्या कायमच्या अध्यक्ष. श्रीखंड वाढता वाढता त्या म्हणाल्या, "काका काही येणार नाहीत. या दिवसांत मी कुठे जात नाही म्हणाले." काकांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या, एवढं मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंगणात दिसले. अंगात जुना स्वेटर, चेहऱ्यावर आठवडाभराची दाढी, नजर कुठेतरी लांब. मी घरात येऊन निखिलला म्हटलं, "काकांना सुतक आहे. नात्यातलं कुणीतरी गेलं असेल बहुतेक."

आपल्याकडे अशा घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात नेऊन देतात. अमेरिकेत आलो म्हणून काय झालं. मी पिठलं केलं, भात केला, डबा घेऊन गेले आणि काकांसमोर मान खाली घालून बसले.

"कधी झालं काका?"

"काल संध्याकाळी."

"अचानक?"

"अचानक कसलं. आठवडाभर लक्षण ठीक नव्हतं. आम्ही आपली आशा धरून बसलो होतो."

"तुम्ही होतात जवळ?"

"होतो की. शेवटपर्यंत बसलो. हात मिळवून झाले, मगच उठलो."

हात मिळवण्याचं मला काही समजेना. तरी रीत म्हणून विचारलं, "वय काय होतं?"

"कुणाचं, गोलीचं? असेल बावीस-तेवीस," काका म्हणाले. "पोरगा चांगला आहे, पण डावीकडून आलेला पक त्याला दिसत नाही."

मग सगळा उलगडा झाला. गोली म्हणजे टीमचा गोलकीपर, पक म्हणजे हॉकीची रबरी चकती. प्लेऑफ सुरू झाले की खेळाडू दाढी करत नाहीत. टीम हरेपर्यंत वाढू देतात. काकाही वाढवायचे. आदल्या संध्याकाळी टीम हरली होती आणि दाढी करायला त्यांचा हात अजून धजत नव्हता. माझा सुतकाचा हिशेब ऐकून ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे तू बरोबरच आलीस गं. आमच्या घरात आज तसंच आहे. पिठलं मात्र ठेवून जा."

तेव्हापासून तो रिवाजच पडला. टीम प्लेऑफमधून बाहेर पडली की आमच्याकडून पिठलं-भात जायचा. काका आधी दाढी करायचे, मग जेवायचे. यंदा निखिलने दाढी ठेवली तेव्हा मंडळात नव्याने आलेल्या एका मुलीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घरी काही झालंय का?" मी तिला काही सांगितलं नाही. पिठलं आणते का ते बघत होते.

त्या पिठल्यानंतर काका आम्हाला सामन्यांना नेऊ लागले. त्यांच्या जागा गोलच्या मागे, वरच्या बाजूला. शेजारची खुर्ची डॉनाची. डॉना आयुष्यभर शाळेची बस चालवून रिटायर झालेली बाई, आवाज अजून बस भरून मुलांना गप्प करेल असा. तिच्या हातात एक पितळी घंटा असायची. आपल्याकडे बैलाच्या गळ्यात बांधतात तसली. ती काकूंची. इथे गाईच्या घंटा वाजवायची पद्धत आहे म्हटल्यावर काकूंनी आधी देवघरातलीच घंटा आणली होती म्हणे. काकांनी हरकत घेतली, तेव्हा पुढच्या वारीला मिरजेच्या बाजारातून ही आणली. काकू गेल्यावर काकांनी ती डॉनाला दिली.

पुढच्या वर्षीची, आमच्या पहिल्या हंगामातली गोष्ट. प्लेऑफचा शेवटचा सामना, आमची टीम चांगलीच मागे, मिनिटभर उरलेलं. निखिलने किल्ल्या काढल्या. "काका, आता निघूया, नाहीतर पार्किंगमध्ये अडकू."

काका मागे न बघता म्हणाले, "बस खाली."

निखिल बसला. त्याच्या वडिलांनी सांगितलं असतं तर बसला नसता.

शिट्टी वाजली. हॉकी तुम्ही पाहिली असेल तर हे खेळाडू कसे असतात ते माहीत असेल. वर्षभर एकमेकांना कडेच्या फळीवर आपटतात, प्रसंगी दात पाडतात, आणि सामना संपला की वळूनही न बघता निघून जातात. पण प्लेऑफची सिरीज संपते तेव्हा दोन्ही टीम बर्फावर समोरासमोर रांगा लावतात. हातमोजे काढून प्रत्येक जण प्रत्येकाशी हात मिळवतो. हरलेले रडत असतात, जिंकलेल्यांना हसावं की नाही ते समजत नाही. "ते काय बोलतात माहितेय?" काका म्हणाले. "दोनच शब्द. गुड सिरीज. एवढंच. सीझनमध्ये कधी हात मिळवत नाहीत. संपल्यावरच मिळवतात. आणि ते होईपर्यंत उठायचं नाही."

"पण रोजच हात मिळवला तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"मग चालू काय आहे आणि संपलं काय, हे कळणार कसं?"

काकांना प्लेऑफचा इतिहास तोंडपाठ होता, असं सुरुवातीला मला वाटायचं. किराणा आणायला आयसेलिनला जायचं म्हणजे दोन तासांची ड्राइव्ह. तेवढ्या वेळात ते एखादा तरी एप्रिल सांगून संपवत. टीमची नावं बदलत गेली, लीगा बदलल्या, काही लीगा तर मध्येच बुडाल्या. कधी तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या, कधी पाचपैकी तीन, कधी सातपैकी चार. एक लीग इतकी लहान होती की एक टीम सोडून बाकी सगळ्याच प्लेऑफमध्ये जायच्या. त्या वर्षी सुटलेली ती एक टीम आमची होती.

त्यांची लाडकी गोष्ट सर्कसची. टीम काही प्लेऑफपर्यंत पोचत नाही असं धरून मॅनेजरने एप्रिलमध्ये रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा हॉल सर्कशीला देऊन टाकला होता. आणि टीम पोचली. मग घरचे सामने खेळायचे कुठे? समोरच्या टीमच्या गावात. आमची पोरं घरचे पांढरे शर्ट घालून परक्या गावात उतरली, आणि 'घरच्या' मैदानावर लोकांच्या शिव्या खात हरली. "पण हात मिळवताना," काका सांगत, "त्यांचा कॅप्टन आमच्या कॅप्टनला म्हणाला, तुमचा हत्ती बरा आहे ना? आमचा कॅप्टन रडत होता, तो रडता रडता हसला."

दुसरी गोष्ट बदली गोलीची. शेवटच्या सामन्याच्या सकाळी आमच्या गोलीला वरून फोन आला आणि तो गेला. मग गावातल्या शाळेतला एक व्यायामशिक्षक पॅड बांधून उभा केला. त्याने गोल किती खाल्ले ते काकांना कधीच नीट सांगता आलं नाही. कधी सात म्हणत, कधी नऊ. पण हात मिळवताना समोरच्या टीमचा प्रत्येक माणूस त्या मास्तरापाशी दुसऱ्यांपेक्षा जरा जास्त थांबला, हे मात्र दर वेळी तसंच्या तसं.

इतिहास म्हणून याला फारशी किंमत नव्हती. साल विचारलं की काका मुलीच्या जन्माच्या आधी की नंतर एवढंच सांगत. कोण जिंकलं यातही घोळ असे. पण रांगेत कोण कुणाशी कसा हात मिळवत होता, कुणी मान वळवली, कुणी डोक्यावर थोपटलं, हे इतकं बारीक सांगत की मला वाटायचं, हा माणूस दुर्बीण घेऊन बसत असणार.

मग गेल्या वर्षी त्यांनी घर विकायला काढलं.

गुडघे कुरकुरत होते, जिना नको झाला होता. मुलगी मृणाल चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. ती काही वर्षांपासून मागे लागली होती. काकांचं तिला एकच उत्तर असे: "प्लेऑफ संपले की येतो." दर वर्षी प्लेऑफ संपत, काका येत नसत. या वेळी मात्र त्यांनी शब्द दिला. घर विकलं गेलं. एप्रिलच्या मध्याला रिकामं करून द्यायचं होतं. टीम शेवटच्या नंबरवर कशीबशी आत आली होती आणि पहिल्याच फेरीत हरणार, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मृणालने त्या हिशेबाने तिकीट काढलं.

टीम पहिली फेरी जिंकली.

काका दोन बॅगा घेऊन आमच्याकडे, जिना नको म्हणून खालच्या खोलीत राहायला आले. गालावर दाढी, तोंडावर लपवता न येणारा आनंद. मृणालने तिकीट पुढे ढकललं. टीम दुसरी फेरीही जिंकली. तिकीट पुन्हा पुढे. एक दिवस मृणालचा मला ऑफिसमध्ये फोन.

"ताई, बी ऑनेस्ट विथ मी. बाबा हे सगळं मेक अप करून सांगतायत का? हाऊ मेनी राउंड्स कॅन देअर बी?"

"अगं, खरंच जिंकतायत," मी म्हटलं. "मलाही पटत नाहीये."

"ओके. पण त्यांना नक्की यायचंय ना? आय डोन्ट वॉन्ट टु ड्रॅग हिम."

हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. मंडळाने निरोपाचा कार्यक्रम ठरवला, सुलभाकाकू शाल आणि नारळ घेऊन तयार. काकांनी साफ नकार दिला. "सिरीज चालू असताना हात मिळवत नाहीत, सुलभाताई." सुलभाकाकूंना काही कळलं नाही. त्या मला म्हणाल्या, "जायचं नसेल त्यांना. तू विचार ना." मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते जायला नको होते. सकाळी चहाला खालच्या खोलीचं दार उघडायचं, काका पेपर घेऊन बाहेर यायचे, गालावर करकर हात फिरवून "मग, काय म्हणतेस?" म्हणायचे. माझं माहेर फार लांब आहे. टीम जिंकली की मी डॉनापेक्षा मोठ्याने ओरडत होते आणि त्याचं कारण हॉकी नव्हतं.

तिसऱ्या सिरीजमध्ये एकदा काका फ्रेंच फ्राइज आणायला गेले होते. मी डॉनाला सहज म्हटलं, की काकांनी किती एप्रिल पाहिलेत, आणि हात मिळवणं कसं एकेकाचं लक्षात ठेवलंय. डॉना माझ्याकडे बघत राहिली. मग ती जे म्हणाली ते मराठीत सांगते. "त्याने? अगं, त्याने एकही पाहिलं नव्हतं. तो नेहमी दोन मिनिटं आधी उठायचा. गाडी गरम करायला. बायकोला थंडी सोसायची नाही ना. शेवटपर्यंत आम्ही दोघीच बसायचो."

काकू या देशात आल्या तेव्हा काका दिवसभर फॅक्टरीत. घरात काकू एकट्या. शेजारच्या डॉनाने त्यांना एका संध्याकाळी रिंकवर नेलं. काकूंना खेळ समजला नाही, पण मोठ्याने ओरडायला मिळालं, आणि तेच हवं होतं. एकटीने राहून मोठ्याने बोलायची सवयच मोडली होती, असं त्या डॉनाला म्हणाल्या होत्या. मग काकांनाही ओढून आणलं. सर्कसच्या वर्षी परगावी जाणाऱ्या बसमध्ये काकू आणि डॉना होत्या, सोबत दशम्यांचा डबा. काका नव्हते.

काका फ्राइज घेऊन आले. मला राहवेना. "काका, सर्कसच्या वर्षी तुम्ही कुठे होतात?"

त्यांनी डॉनाकडे पाहिलं, डॉनाने बर्फाकडे. काका बसले, एक फ्राय खाल्ली.

"फॅक्टरीत," ते म्हणाले. "ती आल्यावर सांगायची ना. इथल्या मॅच असल्या की गाडीत सांगायची. पार्किंगमधून बाहेर पडायला वेळ लागतो, तेवढ्यात सगळं सांगून व्हायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"तुम्हाला नाही वाटलं कधी आपणही थांबावं?"

"मी थांबलो असतो तर मला एवढं कुठे दिसलं असतं?" काका म्हणाले. "मला स्कोअर दिसतो. तिला माणसं दिसायची." मग आणखी एक फ्राय उचलून, "आता थांबतो. कुणीतरी बघायला हवं."

डॉनाने घंटा उगाचच एकदा वाजवली.

ती सिरीज सातपैकी चारची होती. आम्ही दोन जिंकलो होतो, ते तीन. सहावा सामना आमच्या गावात, रविवारी दुपारी. हरलो तर इथेच संपणार. जिंकलो तर सातवा त्यांच्या गावात. त्यात आमच्या गोलीला दोन दिवस आधी वरून फोन आला होता. काकांनी पेपर खाली ठेवून मला सांगितलं, "गेला पोरगा. चांगलं झालं त्याचं." या गावात मराठी घरांचंही तेच होतं. दोन-तीन वर्षं राहतात, मग बेलव्ह्यूहून मोठ्या कंपनीचा फोन येतो आणि जातात. काकांनी अशी किती तरी घरं विमानतळावर सोडली होती. आमच्याकडेही ते त्याच नजरेने बघत, हे मला माहीत होतं. "मला वाटलं होतं, तुम्ही आधी जाल," त्या सकाळी ते म्हणाले. "मी इथेच असेन आणि तुम्ही जाल, असं धरून चाललो होतो."

"काका, तुम्हाला जायचंय ना?" अखेर विचारलंच मी.

काकांनी गालावर हात फिरवला. दाढी आता भरघोस झाली होती, आवाज येत नव्हता. "जायचंय गं. नात विचारते, आजोबा, व्हेन आर यू कमिंग. गुडघेही ऐकत नाहीत. जायचं नाही असं नाही. अर्धवट टाकून जायचं नव्हतं. इथे संपलं, माझ्या समोर, तर बरं. पण पोरं जिंकली तरी चालेल." मग हसून म्हणाले, "जिंकली तर तुझं पिठलं लांबणीवर."

मृणाल सकाळच्या विमानाने येऊन थेट रिंकवर आली. चँडलरच्या उन्हातून आलेली, पातळ जॅकेटमध्ये कुडकुडत बसली. काकांनी आपला मफलर तिच्या गळ्यात घातला. तिने बाबांची दाढी बघितली आणि म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक सांता." डॉना तिला लहानपणापासून ओळखत होती. तिच्या शाळेची बस तीच चालवायची.

नवा गोली चांगला खेळला. खोटं कशाला सांगू, बाकीचे नाही खेळले. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या पिरियडमध्ये आम्ही तीन गोलांनी मागे पडलो आणि हॉल हळूहळू शांत झाला. लोक उठून जायला लागले. काकांना पायऱ्या उतरायला वेळ लागणार, पार्किंग लांब. निखिल सवयीने चुळबुळला, पण या वेळी त्याने किल्ल्या काढल्या नाहीत.

काकाच म्हणाले, "निखिल, तू जा. गाडी दारापाशी आण. मृणालला थंडी वाजतेय."

"काका, पण..."

"जा. ही बघेल."

'ही' म्हणजे मी. निखिल गेला. मी बर्फाकडे डोळे लावून बसले. शिट्टी वाजली.

आमच्या पोरांनी गोलीपाशी जाऊन त्याच्या डोक्यावर टपल्या मारल्या आणि रांग लावली. समोरची टीम आली. मी बघत राहिले. सगळे हात मिळवून झाले, बर्फ रिकामा झाला, तोपर्यंत काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मग उठले.

आधी त्यांनी डॉनासमोर हात धरला. डॉना मिठीच मारणार होती, पण तिला रीत माहीत होती. तिने घंटा बगलेत धरली आणि हात मिळवला. "गुड सिरीज," काका म्हणाले. तिलाही तेवढंच म्हणता आलं. मग पुढच्या ओळीतले, मागच्या ओळीतले, जे थांबले होते ते सगळे एकेक करून आले. नाव माहीत नसलेलेही होते. मृणाल ओठ दाबून बघत होती. मग ती स्वतःच रांगेत उभी राहिली आणि तिच्या बाबांनी तिच्याशीही हात मिळवला.

शेवटी मी. त्या अरुंद पायरीवर मी वाकले, नमस्कार करायला. काकांनी मला खांद्याला धरून सरळ केलं.

"अंहं. आज हे नाही," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

मी हात दिला. काकांचा हात गार होता, पकड घट्ट. आम्ही इतकी वर्षं शेजारी राहिलो, रोज बोललो, पण त्यांच्याशी हात मिळवण्याची ती पहिलीच वेळ. "गुड सिरीज," ते म्हणाले. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

गाडी दाराशी उभी होती, हीटर लावून. मे महिना निम्मा सरला होता, तरी निखिलने लावला होता. काका पुढे बसले, मी आणि मृणाल मागे. डॉना काचेवर टकटक करून, घंटा हलवून गेली. पार्किंगमधली रांग जागची हलत नव्हती. घरी बेसन चाळून ठेवलेलं होतं.

निखिलने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "झालं का हात मिळवून? काय झालं?"

मी काकांकडे पाहिलं. ते आणि मी दोघांनीही तेच बघितलं होतं. सांगायचं तर त्यांनी सांगायला हवं होतं.

"सांग की त्याला," काका म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

मी नाक पुसलं आणि सुरुवात केली. नवा गोली शेवटी उभा होता आणि डोळे पुसायला हातमोजे काढत होता, तर समोरच्या टीमचा एक दांडगा माणूस येऊन त्याच्यापाशी थांबला आणि काहीतरी बोलला. आमच्या कॅप्टनने त्यांच्या कोचचा हात दोन्ही हातांनी धरला होता. दोघे जण तर वर्षभर एकमेकांना मारत होते, ते हात सोडायलाच तयार नव्हते. मी सांगत गेले. काही जागी चुकलेही असेन, कोण कुठला याचा घोळ झाला असेल. काकांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. त्यांनी मान सीटला टेकवली होती, डोळे मिटले होते, एक हात दाढीवर होता. मध्येच मी पुन्हा नाक पुसायला थांबले.

काका डोळे न उघडताच म्हणाले, "मग?"